उरलेले पांढरे कुर्ते

२८ डिसें., रविवार. अमरावती
उपासनेनंतरही चर्चच्या अंगणातल्या टेबलावर कुर्ते तसेच. सगळे पांढरे. नाताळाला पांढरंच, हे आम्हा महिला मंडळाच्या बायकांच्या डोक्यात इतकं पक्कं की बाहेरच्या बाईला चालेल का, हे कोणी विचारलंच नाही. पुढारीण मीच. विक्रीचा पैसा माझ्या रूथसाठी आणि जावयांसाठी, मलावीतल्या मिशनकामाला. जमला तर दोघं आणखी तीन वर्षं तिकडे. नाही जमला तर मार्चमध्ये घरी.
पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करा. केली. काय मागितलं ते इथे लिहीत नाही.

३० डिसें.
शेजारची मंदा आली. भरतकामाची वेल पाहून खूश, पण घेईना. ‘काकू, संक्रांतीच्या तोंडावर पांढरं कोन घेईन? काळे करून टाका, मीच चार नेतो.’
दरवर्षी तिच्याकडचा तिळगूळ खाते आणि हे सुचू नये? अक्कल चरायला गेली होती.

२ जाने. अकोला
सकाळची एस.टी. माहेरच्या ओळखीचे रशीदभाई रंगारी. कापड सुती, वेलीचा धागा पॉलिस्टरचा. मला घोर. ते म्हणाले, ‘बाई, कपडा काला होईन, बेल सफेदच राहीन. घाबरू नका.’
कुर्त्यांचं एक गाठोडं मी घरीच ठेवलं, दिवाणाखाली. मुद्दाम. मंडळात कोणाला माहीत नाही.

७ जाने. अमरावती
कुर्ते आले. काळ्यावर पांढरी वेल, काय देखणी! दिवसभर बायांची रीघ. एकीने विचारलं, हा पैसा कोणासाठी. मंदाच बोलली, ‘आपल्या रूथसाठी. लेकराइले शिकवून राहिली तिकडं.’ येशूबद्दलही सांगते, मी जोडलं. बाई बरं म्हणाली आणि मोठा साइज मागितला.

१० जाने.
रूथचा व्हिडिओ कॉल. उन्हाने रापलीय, पण चेहरा कसा भरलेला. मागे पोरं गात होती, शब्द तिकडचे, चाल आपल्या चर्चची. म्हणाली, ‘आई, खरं सांग. परत येऊ का?’
ये, असं अगदी ओठांवर आलं होतं. वेल छान उठलीय म्हणाले. दोघी हसलो. नंतर मी एकटीच रडले.

१२ जाने.
सगळे खपले. थोडंच कमी पडतंय, त्या गाठोड्याइतकंच. मंदाच्या जावांना हवे होते. नाहीत म्हणाले. ती बिचारी मलाच धीर देऊन गेली. रात्री मला जेवण गेलं नाही.

१३ जाने., भोगी. अकोला
पहाटे गाठोडं काढलं आणि सरळ एस.टी. गाठली. उद्या सकाळी मंदाच्या दारात पोचवायचं. रशीदभाईंनी लगेच रंगात घातलं, मग वर पाहिलं. ‘आभाळ हाय बाई. वाळतीन का नाही, सांगता येत नाही.’
मी म्हटलं, जे होईल ते होईल. त्यांच्या अंगणात बाकावर बसले आहे. दोरीवर ओळीने कुर्ते, टपटप काळं पाणी. डबा उघडलाय, बाजरीची भाकर तशीच. मघापासून ढगांकडे पाहतेय, ऊन पडू दे म्हणून. आत्ता लक्षात आलं की त्या रविवारी मागितलं त्याच्या नेमकं उलट मागतेय, आणि माझं मलाच हसू आलं.