बॉयलर खोलीचं दार

१२ एप्रिल, दुपार

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. मी सुखरूप वर आलोय, हातपाय जागच्या जागी आहेत. गुडघ्याला तेल लावतेस ना, की बाटली नुसती उशाशी शोभेला?

फोनवर तू मध्येच "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषय बदलतेस. म्हणून पत्र.

आजोबांचं जहाज पाहिलं. युद्धात बुडालेलं, म्हणजे नुसता सांगाडा असेल असं वाटलं होतं. पण ते वाळूत सरळ बसलंय, आणि मालाच्या कोठारात लष्करी लॉऱ्या अजून ओळीनं उभ्या आहेत. इतक्या खोल साध्या हवेनं डोकं फिरतं, म्हणून टाक्यांत हेलियम मिसळतात. बोटीवर टाकी तपासताना माझा आवाज बदकासारखा आला, सगळे पोट धरून हसले.

तू म्हणाली होतीस, "लांबूनच बघ, आत जाऊ नकोस." नाही ऐकलं. रागाव हवं तर.

त्या जहाजावरून वाचलेल्या एका खलाशानं आजीला सांगितलं होतं, की पाणी शिरल्यावर वरच्यांनी बॉयलर खोलीचं दार लावून घेतलं, आणि कोळसा टाकणारे आतच राहिले. आजोबाही. ते तू लहानपणी ऐकलंस आणि जन्मभर तुला कुणीतरी लोखंड ठोठावल्याचं ऐकू येत राहिलं. मला एकदाच बोललीस, भाजी निवडता निवडता, जणू शेजाऱ्यांची गोष्ट.

माझ्याबरोबर बुडी मारणारी जोडीदारीण पुढे दोरी सोडत होती. गाळ उठला की परतायला तेवढीच वाट. मी मागे. जिना उतरून दिव्याचा झोत टाकला.

दार उघडं आहे, आत्या. भिंतीला टेकवून, परत मिटू नये म्हणून बाहेरून आकडा लावलाय, आणि तो कडीत गंजून एकजीव झालाय. जीव घेऊन पळणारा माणूस आकडा लावत बसत नाही. मागून येणाऱ्यांसाठी कुणीतरी थांबलं होतं. ते आजोबा होते का, माहीत नाही. पाण्यानं त्यांना नेलंच. पण कुणी कोंडलं नव्हतं.

वर येताना दोरीला धरून टप्प्याटप्प्यानं थांबावं लागतं, घाई केली तर रक्तात बुडबुडे होतात. तिथे मी रडलो. मास्कमध्ये नाक पुसता येत नाही, फार पंचाईत होते. जोडीदारिणीनं माझा दंड धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

तुझे तर नाहीतच नाहीत. पाण्यानं तुझा बाप नेला, तरी बाबा नको नको म्हणत असताना तूच मला पोहायला घातलंस. तलावावर भिंतीला चिकटून, पाण्याकडे पाठ करून, टॉवेल घेऊन उभी असायचीस. मला वाटायचं, आत्याला माझं पोहणं बघवत नाही. तेव्हा तुला काय होत असेल, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

आता रात्री ठोठावल्यासारखं वाटलं, तर कूस बदल आणि झोप. ते दार मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तू घाबरत घाबरत पाण्यात सोडलेला,
तुझा बेडूक