सोपा डाव

प्रिय ठकू,

रविवारी फोनवर खेळलेला बुद्धिबळाचा डाव मी जिंकलो म्हणून तू माझं कौतुक केलंस. बाबा, तू फारच तयार झालास हं, असं म्हणालीस. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पटासमोर बसून होतो. तो अजून तसाच मांडलेला आहे. जेवणाचं टेबल त्यानं अडवलंय, मी ताट मांडीवर घेऊन जेवतो.

बाकी इथे ठीक. आईचे कपडे मावशी घेऊन गेली. चष्म्यांचा खोका कोणाला द्यावा ते कळत नाही. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढून काढून आईला सवयच लागली होती. घरीही कोणी वाचताना डोळे बारीक केले की लगेच हटकायची. गिऱ्हाइकापुढे भिंगं बदलत राहायची, आता बरं दिसतंय की मघाचं बरं होतं, असं न कंटाळता विचारत. मला बुद्धिबळ शिकवलं तेही तसंच.

तू पहिल्या पगारातून तिला घेतलेलं ते बुद्धिबळाचं यंत्र आजारपणात तिनं माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, तूच खेळ ना माझ्याशी. तर म्हणाली, मला मुद्दाम हरता येत नाही, याला येतं.

त्यात लेव्हलचं बटण दाबून पटावरचं एखादं घर दाबलं की तिथला दिवा लागतो. कोपऱ्यातलं पहिलं घर सगळ्यांत सोपं, पुढे सरकावं तसं कठीण. पट स्वतःकडे फिरवून ती लेव्हल लावायची आणि बघायचं नाही हं म्हणत पुन्हा माझ्याकडे फिरवायची. बघायची गरजच नव्हती. लेव्हल कठीण असली की यंत्र विचार करत बसतं, माझा चहा संपला तरी त्याची खेळी येत नाही. सोपी असली की मी प्यादं ठेवेपर्यंत त्याच्या खेळीचा दिवा लागलेला असतो.

दवाखान्यात तपासणीच्या वेळी ती मला आत येऊ द्यायची नाही. तुम्हाला तो वास सोसत नाही, म्हणायची. बाहेर आल्यावर डॉक्टर काय म्हणाले असं विचारलं, तर चाललंय, एवढंच उत्तर. हळूहळू माझ्या लक्षात आलं. ज्या दिवशी खरंच बरं चाललेलं असायचं, त्या दिवशी यंत्र मला सपाटून हरवायचं. काही वाईट कळलेलं असलं की मी जिंकायचो. माझी संध्याकाळ तरी बरी जावी, असं तिला वाटत असणार. शेवटी शेवटी मी रोज जिंकत होतो. उशीला टेकून ती म्हणायची, आता तुम्हाला गुरू नको. मीही हसायचो. तिनं सांगितलं नाही, मी खोदून विचारलं नाही. दोघांनाही ते बरं वाटत होतं. पण बोलायचं होतं ते सगळं राहून गेलं.

परवा यंत्राचे सेल बदलले. बदलले की ते आपोआप पहिल्या घरावर जातं. माझी लेव्हल कोणती ते तिलाच ठाऊक होतं. म्हणून यंत्र बंदच ठेवतो, तुझ्या खेळी मांडायला नुसता पट वापरतो.

आता मुद्द्याचं लिहितो. एरवी तू एका खेळीला इतका वेळ लावतेस की फोन चालू आहे ना, असं मला विचारावं लागतं. तेवढ्यात तू काहीतरी कुरुमकुरुम खात असतेस. हल्ली तसं होत नाही. माझी खेळी सांगून होते न होते तोच तुझी येते. या वेळी तर वजीर माझ्या घोड्याच्या तोंडी आणून ठेवलास. मी तो मारला. पण इतकी वर्षं मी तुला आईशी खेळताना पाहिलंय, तू असा वजीर देणारी नाहीस. नंतर मी कशी आहेस विचारलं, तर चाललंय म्हणालीस. ठकू, येत्या रविवारी मी पट मांडणार नाही. नुसता फोन कर आणि जे काय झालं असेल ते सांग. ऐकून मला त्रास होईल, तो होऊ दे. जिंकून जिंकून दमलोय मी.

फोनजवळ बसलेला तुझाच,
बाबा