चार पदरांचं दुपटं

॥ श्री ॥
खामगाव, ता. ८ डिसेंबर १९६३

ती. सौ. अक्कास,
कोकिळेचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. कापसाचा हंगाम आहे. हे जिनाच्या कारखान्यातून येतात ते नखशिखांत रुई होऊन. आधी त्यांना झाडायचं, मग ताट वाढायचं. चौघं पोरं बरी आहेत.

काल तुमची शेजारीण गोजरबाई कापसाच्या गाडीबरोबर इथे आली होती. तिनं हळूच सांगितलं, की अक्का चार महिन्यांत एकदाही बाहेर बसली नाही. मी तिथेच तिच्या हातावर गूळ ठेवला. अगं, लग्नाला वीस वर्षं झाल्यावर ही बातमी, आणि ती मला गोजरबाईकडून कळावी? दृष्ट लागेल म्हणून गप्प असशील, तर बहिणीची दृष्ट काही इतकी वाईट नसते.

आईचं अंजिरी लुगडं माझ्याकडे होतं, ते फाडून चार पदरांचं दुपटं शिवलं. गोजरबाईबरोबरच पाठवते आहे. त्याला अजून आईचा वास येतो असं मला वाटतं. ह्यांना मात्र येत नाही.

तुझ्या सासूबाईंचा हात मोडल्यापासून सगळा भार तुझ्यावर आहे हे ठाऊक आहे. तरी जड उचलू नकोस. माया आहे ती पातळ होऊ देऊ नये, एवढंच मागणं.

तुझी
कोकिळा

॥ श्री ॥
डोणगाव, ता. २० डिसेंबर १९६३

चि. सौ. कोकिळेस,
अक्काचे अ. उ. आ.

दुपटं पोचलं. त्यात तोंड खुपसून पुष्कळ वेळ बसले. आईचा वास येतो, तुझं खरं आहे.

पण कोके, मला दिवस गेलेले नाहीत. मी बाहेर बसले नाही, कारण बसले असते तर उठलेच नसते. सासूबाई पडल्या त्याच महिन्यात माझं अंगावरून जाणं सुरू झालं, ते थांबेचना. दोन-चार दिवस बरे जातात, की पुन्हा सुरू, आणि गाठीच्या गाठी पडतात. मी बाहेर बसून राहिले तर चूल कोण पेटवणार? म्हणून कुणाला न सांगता न्हाऊन स्वयंपाक करत राहिले, देवापुढे दिवाही लावला. घरात त्याचा उलटाच अर्थ झाला. सासूबाई डाव्या हातानं डिंक निवडत बसतात. तुझ्या भाऊजींनी मेहकरहून खारका आणल्या. त्यांचे चेहरे बघितले की खरं सांगायचं मी उद्यावर ढकलते.

हल्ली एक घागर आणली तरी डोळ्यांपुढे अंधारी येते. विटाळ घरात कालवला त्याचीच ही शिक्षा, असं सारखं मनात येतं.

माहेरी आपण दोघी एकदमच बाहेर बसायचो, आठवतं? आई लांबून भाकरी टाकायची आणि आपण दिवसभर सागरगोटे खेळायचो. कुणी मला तसं तीन दिवस तुझ्याजवळ बसू द्यावं, एवढंच वाटतं. दुपटं परत पाठवायला हवं, पण हातून सुटत नाही. पोरांना आशीर्वाद. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझी
अक्का

॥ श्री ॥
खामगाव, ता. २८ डिसेंबर १९६३

ती. सौ. अक्कास,
कोकिळेचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग तुझ्यावर रागावले, मग स्वतःवर. तिथे तुझं रक्त जात होतं आणि इथे मी गूळ वाटत होते.

दुसऱ्याच दिवशी इथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तुझं नाव न घेता सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ही शिक्षा नाही, दुखणं आहे. पुष्कळ बायकांना होतं आणि पुष्कळ बायका असंच लपवतात. नेमकं काय ते मात्र तपासल्याशिवाय सांगणार नाही म्हणाल्या. मला हे बरं वाटलं. न बघता पुडी बांधून देणारे आपण कमी का बघितले?

भाऊजींना खरं काय ते सांग आणि त्यांना घेऊनच ये. विटाळाचं म्हणशील, तर चार महिने देवानं तुझ्या हातचा दिवा घेतला, कुरकुर केली नाही. सागरगोटे काढून ठेवते. तुझी वाट बघणारी,

कोकिळा

॥ श्री ॥
डोणगाव, ता. २३ फेब्रुवारी १९६४

चि. सौ. कोकिळेस,
अक्काचे अ. उ. आ.

तुझ्याकडे चार दिवस राहिले त्याला महिना झाला, पण मन अजून तुझ्याच ओसरीवर आहे. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं लोहाचं औषध घेते. अंधारी कमी झाली.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या आकांत करतील म्हणून मी भिंतीला टेकून बसले होते. पण त्या एवढंच म्हणाल्या, "एवढं रगत जाऊ देऊन मले जेवू घातलंस, अन् मले सांगितलं काऊन नाही?" त्या संध्याकाळी डिंकाचा डबा त्यांनी फळीवर मागे सरकवला.

डॉक्टरीणबाईंनी तपासून मला समजावलं तसंच मी घरी वांगं हातात घेऊन समजावलं. देठ खाली करून धरलं की ही गर्भाची पिशवी, आणि आत कवठाएवढी गाठ. सासूबाई म्हणाल्या, की एवढ्याशा वांग्यात कवठ मावलं कसं. मी म्हटलं, तेच तर दुखणं आहे. गाठ बहुतेक साधीच आहे, पण काढून तपासल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही.

वाटा दोन आहेत. नुसती गाठ काढली तर पिशवी राहते, पण गाठ पुन्हा होऊ शकते, मूल राहील याचा भरवसा नाही, आणि माझ्या बाबतीत त्या शस्त्रक्रियेत रक्त जास्त जाण्याची भीती आहे. पिशवीच काढली तर हे जाणं कायमचं थांबेल आणि आशाही कायमची संपेल. पिशवी गेली की बाईपण जातं का, हे मी लाज सोडून विचारलं होतं. बाई म्हणाल्या, नाही.

तू लिहितेस, की नुसती गाठ काढ, अजून सदतिशीचीच आहेस. तुझ्या भाऊजींच्याही मनात तेच होतं. पण परवा शेतातून येताना वाटेत थांबून ते म्हणाले, "तुह्यं अंग आहे. तुले वाटते तसंच करू."

कोके, मला मूल हवं आहे. रोज हवं असतं. गल्लीत कुणाचं तान्हं रडलं की अजून माझा हात पाळण्याच्या दोरीसाठी उठतो. पण दोनदा राहिलेलं गेलं, तेव्हा मी मरता मरता वाचले. आता पुन्हा तशी वाट बघत बसायचं बळ माझ्यात नाही. मला जगायचं आहे, तुझ्या पोरांची लग्नं बघायची आहेत. पिशवी काढायचं ठरवलं आहे. बाईंना तसं कळव. माझ्यावर रुसू नकोस, या वेळी तुझ्या मायेवाचून भागणार नाही.

तुझी
अक्का

॥ श्री ॥
डोणगाव, ता. १७ मे १९६४

चि. सौ. कोकिळेस,
अक्काचे अ. उ. आ.

सुखरूप पोचले. तू दवाखान्यात माझ्या खाटेखाली झोपायचीस, ते सांगून गावभर मिरवते. गाठीच्या तपासणीचा कागद आला, ती साधीच निघाली. शस्त्रक्रियेच्या कागदावर सही तुझ्या भाऊजींची घेतली खरी, पण बाईंनी आधी मलाच विचारलं, आणि पुन्हा एकदा विचारलं.

भूक लागते. जिना चढले तरी धाप लागत नाही. काल गोजरबाईची सून माहेराहून बाळ घेऊन आली. तिनं माझ्या मांडीवर दिलं. टाके ओढतील म्हणून मी घेऊ नये खरं तर, पण घेतलं. ते माझं बोट धरून झोपलं. ते गेल्यावर मी ओक्साबोक्शी रडले. निर्णयाचा पस्तावा म्हणून नव्हे. रडू आलं, एवढंच.

दुपट्याचं तुला सांगायचं राहिलं. घरी आल्यावर सासूबाईंनी ते पेटीतून काढायला लावलं आणि मीच ते उसवलं. चारही पदर सुटे करून एकापुढे एक जोडले, तर आईच्या लुगड्याचा लांब पट्टा झाला. आता सासूबाई रोज सकाळी बऱ्या झालेल्या हातानं तो माझ्या पोटावर घट्ट बांधून देतात, बाळंतिणीचं पोट बांधतात तसा.

उन्हाळा सरायच्या आत ये. सागरगोटे आण. लोभ आहेच, तो बरोबर घेऊन ये.

तुझी
अक्का