शेवटचं विसळणं

११ मे १९९८
वीज कशीबशी चार तास. यंत्रातून डिस्टिल्ड वॉटर दिवसाला एकच कॅन! प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या लंकाबाईंना बजावलं — ह्या पाण्याचा थेंबही धुण्यात घालवू नका. बोरच्या पाण्यानं माझे केस झाडू झालेत. देवळालीचा उकाडा नको नको करतो.

२ ऑगस्ट
पुण्याहून प्रथिन आणलं. एसटीत थर्मास मांडीवर, दर स्टॉपला झाकण चाचपत. चारच कुप्या.
पेशीत धागे असतात, त्यांवर हे मोटर-प्रथिन चालतं. कॅल्शियम वाढलं की कॅल्मोड्युलिन हे दुसरं प्रथिन त्याला धरतं आणि मोटर धागा सोडते. ज्या रोपात मोटरच बिघडलेली, त्याच्या पानावरची लव खुरटी — तीनऐवजी दोनच फाटे. एवढ्याशा लवेसाठी केवढी धरसोड! मला एवढंच दाखवायचंय, कॅल्शियम नसेल तर मोटर धागा सोडत नाही. डिसेंबरात फेलोशिप संपते.

६ सप्टेंबर
मोटरनं धागा सोडला. कॅल्शियम नसलेल्या नळीतही!

१३ सप्टेंबर
पुन्हा तेच. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "तुमची कल्पनाच चुकली असेल." खोलीवर येऊन रडले.

२४ सप्टेंबर
तिसरी कुपीही गेली. एकच उरली.

२६ सप्टेंबर
सापडलं! फ्लास्क उजेडाकडे धरला, तर आत पांढुरका थर. लंकाबाईंना विचारलं, शेवटी कशानं विसळता?
"बोरच्या पान्यानं, ताई. ते चांगलं पानी कशाला नासायचं? आमच्या पाथर्डीकडं हंड्याला कोसभर जावं लागतं."
बोरच्या पाण्यात कॅल्शियमच कॅल्शियम! माझा तोल गेला. "कुणी शिकवला हा शहाणपणा?" सगळ्यांसमोर ओरडले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. फ्लास्क गोळा करून मोरीकडे गेल्या.
मी तडक सरांकडे गेले आणि लंकाबाईंचं नाव सांगितलं.

२८ सप्टेंबर
सरांनी लंकाबाईंना कामावरून काढलं. "रोजंदारीवरच तर होती." मी माझ्या नळ्यांकडे वळले.
फाटकाशी भेटल्या. "दसरा झाला की टोळी निघंल. परत ऊस तोडायला जाते. सहा वर्सं सुटले हुते त्यातनं." मग म्हणाल्या, "तुमचं काम हुईल, ताई." चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

३ ऑक्टोबर
सगळं काचसामान स्वतः धुतलं. शेवटचं विसळणं डिस्टिल्डनं, तीनदा. शेवटची कुपी.
सोडला नाही! मोटर धाग्याला घट्ट. सरांनी पेढे मागवले. माझा पेढा मी तसाच कागदात ठेवला.

४ ऑक्टोबर
बोरच्या पाण्यानं विसळणं कधी सुरू झालं, ती तारीख सरांना अहवालात हवी होती. म्हणून ही वही मागे चाळली.
अकरा मे. माझंच अक्षर.
पावसाळ्यात डिस्टिल्डचं यंत्र सुरळीत झालं, तरी 'आता ते पाणी वापरा' असं मी कधी म्हटलंच नाही. लंकाबाईंना सगळं आठवत होतं. म्हणूनच माझ्याकडे बघत होत्या.
वही सरांपुढे उघडी ठेवणार आहे. टोळीचा ट्रक पहाटेच गेला.