झाडल्याशिवाय मोजमाप नाही

सर, काल आम्ही पारोळ्याच्या अलीकडे एका जुन्या बारवेवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, जाऊन आलो, आणि तेव्हापासून मला घरात एका जागी बसवत नाही. स्वयंपाकघरात जाते, कशाला आले ते विसरते, परत येते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी मनात बोलायची सवय एव्हाना मोडायला हवी होती. मोडलेली नाही. वर्गात एखादी गोष्ट छान जमली की मी अजूनही मनातल्या मनात तुमच्याकडे बघते. काल जमलं की बिघडलं तेच कळत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी जळगावला तुमचाच विषय शिकवते, वास्तुकलेचा इतिहास. अजिंठ्यापासून सुरुवात करते, मग देवळं, थाळनेरचे घुमट, इंग्रजांच्या वेळचे कचेऱ्यांचे व्हरांडे, कापसाच्या जिनिंगच्या शेड, आणि शेवटी स्लॅबची घरं, ज्यांत माझे बहुतेक विद्यार्थी राहतात आणि एप्रिलपासून भाजून निघतात. क्रम तुमचा, उदाहरणंही बरीचशी तुमचीच. कोणत्याही काळातली इमारत पडद्यावर आली की मी तुमचाच प्रश्न विचारते : ही झाडतं कोण? पहिल्या दिवशी मुलं हसतात. राजाने बांधली, कारागिरांनी कोरली, एवढं त्यांना पाठ असतं. मग हळूहळू बघायला लागतात की पाणी बाहेर कुठून जातं, कोपऱ्यात हात पोचतो का, उंबरा का झिजला. आणि सहलीला गेलो की तुमचा नियम चालतो : झाडल्याशिवाय मोजमाप नाही. आधी सगळ्यांनी जागा झाडायची, मग टेप काढायची.

हा नियम मला पहिल्यांदा समजला तो दोंडाईच्याला, त्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये. तुम्ही धुळ्याहून आम्हाला एसटीने नेलं होतं. तुमच्या खांद्याच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या केरसुणीचा शेंडा बाहेर आलेला, कंडक्टर म्हणतो, "सर, घर बदललं का?" तुम्ही म्हणता, "नाही, पोरांना शिकवायला नेतोय." मी तेव्हा हुशार मुलगी. बाकीचे झाडत असताना मी एका कोपऱ्यात जमिनीची पातळी मोजून टाकली, कागदावर रेघही ओढली. झाडून झाल्यावर त्या कोपऱ्यातल्या सरकी-कापसाच्या थराखालून एक पायरी निघाली. तुम्ही माझा कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणालात, "रेघ सुंदर आहे. पण तू कचऱ्याची उंची मोजलीस, इमारतीची नाही." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आज मी तेच वाक्य दरवर्षी कुणाला तरी ऐकवते.

मला नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन तुमच्या घरी आले होते. तुम्ही आतून तीच केरसुणी आणलीत, तशीच वर्तमानपत्रात. "पुस्तक देणार होतो," म्हणालात, "पण पुस्तकं तू घेशीलच." स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, लक्ष्मी आहे ती, कागदात काय गुंडाळता! आणि देताना निदान नवी तरी द्या." मी ती जुनीच घेतली. तेव्हापासून ती माझ्या कॉलेजच्या खोलीत, टेबलामागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो आणि मी प्रत्येकाला तुमची गोष्ट सांगते.

गेल्या आठवड्यात माझी एक विद्यार्थिनी त्याच भिंतीसमोर येऊन उभी राहिली. वरणगावची आहे, फार बोलत नाही. लेण्यांतल्या दगडी वाशांवरून वर्गात वाद झाला होता. तुम्ही शिकवायचात ना, ते दगडी वासे काही पेलत नाहीत, लाकडाच्या घरांची सवय कारागिराच्या हातात उरली होती म्हणून कोरले. तेव्हा हिनेच विचारलं होतं, "म्हणजे गरज संपली तरी कोरतच राहिले?" आता ती म्हणाली, "मॅडम, रविवारी मी येणार. बारवेत उतरणार, मोजणार, सगळं काढणार. झाडणार नाही."

"अगं, सगळेच झाडतात. मीसुद्धा."

"हो ना. पण तुमचं वेगळं आहे."

"काय वेगळं?"

तिने केरसुणीकडे पाहिलं. "तुमच्याकडे ती भिंतीवर असते." मग एका दमात बोलली. "माझी आजी नगरपालिकेत झाडायची, मॅडम. गल्लीत तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं. झाडूवाली आली, झाडूवाली गेली, एवढंच. पप्पांनी तिला शब्द दिलाय, माझ्या पोरी दुसऱ्याच्या दारात झाडू धरणार नाहीत. तुम्हाला मार्क कापायचे तर कापा."

ते मार्क म्हणजे या विषयातलं जवळजवळ सगळंच होतं. या कामात ती नापास झाली असती तर तिचं वर्ष अडकलं असतं, आणि मार्कांची अट माझीच, सहलीच्या कागदावर तुमच्या वाक्याखाली मीच छापलेली : झाडण्यात भाग न घेणाऱ्याचं मोजकाम धरलं जाणार नाही. मी तिला "बघू" म्हणाले. "बघू" म्हणणारी माणसं तुम्हाला आवडत नसत. स्टाफरूममध्ये विचारलं तर एक जण म्हणाले, "एकीला सूट दिली की उद्या सगळ्यांना आजी आठवेल." दुसऱ्या म्हणाल्या, "बंद करा ना ते आता. लेसरने मोजतो आपण. केरसुणी कसली घेऊन बसलात?" दोघांचंही मला पटलं नाही आणि माझं स्वतःचंही पटेना. सूट दिली तर सगळ्यांना कारण सांगावं लागणार, म्हणजे तिची आजी वर्गात चर्चेला येणार. सक्ती केली तर मी कोण? आणि नियमच काढला तर मुलं पुन्हा कचऱ्याची उंची मोजणार. शनिवारपर्यंत माझं आळीपाळीने तिन्ही गोष्टी करायचं ठरवून झालं होतं.

बारवेवर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. शेजारच्या केळीच्या बागेतले एक आबा बांधावर येऊन उभे राहिले. "काय करी ऱ्हायनात बहीन?" मी सांगितलं, ही जागा मोजणार आहोत. "आठे कोनी झाडत नही," ते म्हणाले, "बठ्ठा पालाच शे." तुमच्या ‘झाडतं कोण’ला ‘कुणीच नाही’ हे उत्तर न विचारताच मिळालं म्हणून मुलं फिदीफिदी हसली. खरंच, सगळा पालाच; पायऱ्यांच्या मधल्या दगडी टप्प्यावर कडुनिंबाचा पाला आणि मातीचा जाड थर होता. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "मॅडम, उतारच कळायला हवा ना? मग पाणी ओतून बघू की." मला हायसं वाटलं. वाटलं, सुटलो. तिने बाटली ओतली. पाणी धुळीत गोळ्या गोळ्या होऊन फिरलं, पाल्याला अडलं आणि तिथेच बसलं. मागून एक मुलगा ओरडला, "हिने हतनूर धरण बांधलं!" सगळे हसले, तीही हसली. मग कुणीच हसेना. सगळ्यांच्या नजरा माझ्याजवळच्या केरसुण्यांच्या पिशवीकडे.

"आज मी एकटी झाडते," मी म्हणाले. तसं ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. मुलं वरच्या पायऱ्यांवर बसली आणि मी झाडत राहिले. उलट्या वाऱ्यात झाडत होते, सगळी धूळ माझ्याच डोळ्यांत. कुणीतरी मोबाईल काढला, "मॅडम, इकडे बघा!" झाल्यावर टाळ्या वाजल्या. तिने दुसरी बाटली ओतली. पाणी सरळ एका कोपऱ्याकडे धावलं आणि दगडातल्या छोट्या भोकातून खाली विहिरीत पडलं. आवाज आला. ओऽऽ करत सगळे त्या कोपऱ्याकडे धावले. तिने भोकात बोट घालून बघितलं आणि लगेच कागदावर काढायला घेतलं. फार नेमकं काढलं, सर. मी मार्क कापले नाहीत.

तुमचं वाक्य खरं निघालं, हेच तर मला छळतं आहे. दगडी वाशांसारखं ते नुसतंच सवयीने उरलेलं असतं तर मी आनंदाने सोडून दिलं असतं. पण जागा झाडावीच लागते. कुणी, हा प्रश्न तुम्ही सगळ्या इमारतींना विचारलात, झाडणाऱ्या आम्हा मुलांच्या ओळीकडे बघून मात्र कधी नाही. परत निघताना ती माझ्या शेजारी चालत होती. हळूच म्हणाली, "तुम्ही झाडलं की टाळ्या, मॅडम. मी झाडलं असतं तर सगळे म्हणाले असते, हिला जमतं."

तिथे मला दोंडाईच्याचा उरलेला दिवस आठवला. पायरी आणि माझी रेघ एवढंच मी आजवर सांगत आले. त्याच शेडमध्ये आमच्या वर्गातला एक मुलगा होता, बारीक, निळ्या चौकड्यांच्या शर्टातला. आम्ही सगळे कसेबसे फराटे मारत होतो आणि तो एका बाजूने सुरू करून धूळ न उडवता सगळी शेड झाडत गेला. तुम्ही आम्हाला थांबवलंत. "बघा, याला म्हणतात झाडणं. हात बघा त्याचा." तुमच्या आवाजात निखळ कौतुक होतं, मी शपथेवर सांगेन. आम्ही टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "त्याला जमणारच." तो खाली बघून झाडत राहिला. एसटीत तो ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एकटा बसला, पुढच्या सहलीला आलाच नाही आणि दिवाळीनंतर वर्गातही दिसला नाही. तुम्ही हजेरी घेताना त्याच्या नावापाशी काही दिवस थांबायचात, मग थांबणं बंद झालं. घरची अडचण असेल, असं आम्ही ठरवलं. असेलही. मला खरंच माहीत नाही, आणि आता एका वाक्यावरून सगळं कळल्यासारखं करणंही बरोबर नाही.

पुढच्या सत्राच्या सहलीचा कागद समोर आहे. तुमचं वाक्य ठेवलं आहे, त्याखालची मार्कांची ओळ खोडली आहे. खोडलेल्या जागी काय लिहायचं ते सुचत नाही. तुमची केरसुणी आज सकाळी कॉलेजात भिंतीवरून काढून दाराआड ठेवली, तिथून ती मला जास्तच दिसते. दुपारी शिपाई तीच घेऊन खोली झाडत होता. मी खुर्ची सरकवून त्याला जागा दिली.

तुम्ही असतात तर मी येऊन हे सांगितलं असतं का, कोण जाणे. तुम्ही रागावला नसतात. "बरोबर म्हणते ती पोरगी," असं म्हणून चहा टाकायला सांगितला असता. मला भीती वेगळीच वाटते. मी त्या मुलाबद्दल विचारलं असतं आणि तुम्ही म्हणाला असतात, कोण गं? तसं झालं असतं तर मला तुम्हाला काही सांगता आलं नसतं, सर. कालपासून आठवते आहे. शर्ट आठवतो, हात आठवतो, धूळ कशी खाली बसत गेली ते आठवतं. नाव मलाही आठवत नाही.