जवळ्याच्या मधोमध

डहाणू, रविवार संध्याकाळ, १९६८

आठवडाभर मुंबईच्या कॉम्प्युटरनं छळलंय. मशीन सुरू झालं की आधी माझा प्रोग्रॅम चालतो, बाकीच्या प्रोग्रॅमना मेमरीत जागा वाटतो आणि वाटता वाटता स्वतःच बंद पडतो. का?

आज घरापुढच्या खळ्यात जवळा, ती बारीक कोळंबी, वाळत घातला. कडेकडेनं पसरत आत आलो आणि मधोमध अडकलो. वहिनी दारातून हसली, "भावजी, सगळं खळं जवळ्याला दिलंत. आता तुम्हीपण तिथंच वाळा!"

अरे! प्रोग्रॅमही त्याच मेमरीत उभा असतो. त्यानं स्वतःच्या पायाखालची जागाच वाटून टाकली! आधी ती राखून ठेवायची, मग वाटप. एवढंच असेल? असणारच.

जवळा तुडवत कागदाकडे धावलो. वहिनी अजून तुडवलेला जवळा निवडतेय. मशीन चाललं, तर पुढच्या रविवारीही जवळा मीच घालीन, पायापुरती वाट सोडून.