मनातल्या प्रयोगाची पैज

१२ ऑगस्ट १९६३, मु. धाड

शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्याची किल्ली हरवलेली! म्हणून आज नववीला म्हटलं, डोळे मिटा. विहिरीत एक मोठा दगड सोडा, एक लहान. आधी कोणता पडेल? वर्गात भांडणच जुंपलं.

हेडमास्तर हिंमतराव म्हणाले, "बाई, डोये मिटून सायन्स होते काय?" मी ऐटीत सांगितलं, जर्मन लोकांत याला जोडशब्द आहे — गेडांकेन-एक्सपेरिमेंट. विचारातला प्रयोग. खुद्द आइन्स्टाइनने बनवलेला!

गणिताचे इंद्रभान सर हळूच म्हणाले, "त्याचा नसंन. जुना वाटते." लागली पैज! हरेल त्याने भजी द्यायची.

१३ ऑगस्ट

बाबा म्हणाले, "पंचवीसले मेहकरचे पाहुणे येऊन राह्यले, तुले पाहाले." पोळी करपली.

मनातला प्रयोग. मी इंद्रभान सरांना सांगते, तुम्ही मला आवडता. ते लाजून खडू खातात. पुन्हा केला — हसतात. पुन्हा — 'नाही' म्हणतात. हा शेवटचा परत करायचा नाही!

१९ ऑगस्ट

सर रजेवर. नागपूरला गेलेत म्हणे. सोयरीक जुळवायला? दिवसभर मुलांवर खेकसले.

२२ ऑगस्ट

हरले! सरांनी नागपुरात जुनं जर्मन पुस्तक शोधलं. हा शब्द आइन्स्टाइनच्या कितीतरी आधी डेन्मार्कच्या ओर्स्टेडने वापरलाय. अर्धा जर्मन, अर्धा लॅटिन. ओर्स्टेड म्हणजे तोच, विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे दाखवणारा. दरवर्षी मीच शिकवते त्याचा प्रयोग!

"एका शब्दापायी नागपूर?" मी विचारलं. "पैज होती ना, बाई." भजी मी आणली. निम्मी त्यांनी मलाच दिली.

भजी खाताना सुचलं. विचारातल्या प्रयोगाचा शब्द वापरणाऱ्याने शेवटी भर वर्गात खरीच सुई तारेजवळ ठेवली. तेव्हा कुठे ती हलली. आणि मी? नुसती मनात! भीती वाटते, दुसरं काय.

२४ ऑगस्ट

उद्या पाहुणे. शाळा सुटल्यावर सरांना सांगून टाकलं. त्यांच्या हातातला खडू खाली पडला. वाकून तो उचलला.

मग म्हणाले, "हाच प्रयोग मी वर्षभरापासून मनात करून राह्यलो. दरखेपी तुमी नाहीच म्हणत होत्या, बाई!"